उष्णतेचा जमाखर्च आणि एन्ट्रॉपीची शिल्लक

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या प्रसंगी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. गुणगौरवाच्या समारंभात परिश्रम, चिकाटी आणि चारित्र्य यांवर बोलण्याचा प्रघात आहे व तो योग्यही आहे. परंतु आज त्या वाटेने न जाता अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात येणारी एकच कल्पना आपणांपुढे उलगडून ठेवण्याचा आमचा विचार आहे. त्या कल्पनेचे नाव एन्ट्रॉपी.

असा रुक्ष विषय का निवडला, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुलेमुली आता विज्ञानशाखेकडे वळत आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु त्यांपैकी कित्येकांचा पाय नेमका याच ठिकाणी घसरतो. उष्णतेला तपमानाने भागले की एन्ट्रॉपीतील फरक निघतो, एवढे सूत्र ती पाठ करतात. पहिला वाकडा प्रश्न आला की सूत्र दगा देते. आणि मग सूत्र अपुरे पाठ झाले असे न म्हणता, हे शास्त्रच आपल्यासारख्यांसाठी नव्हे, असा निष्कर्ष ती मनाशी काढतात. हा निष्कर्ष फार महाग पडतो. एका धड्यापायी आयुष्याची दिशा बदलते.

दुसरे कारण आपल्या घरचेच आहे. तांब्यापितळेचा धंदा करणाऱ्या ज्ञातीला उष्णता परकी नाही. भट्टी, भाता, हातोडा आणि पाण्याचे टाके यांच्या संगतीत आपल्या पिढ्या वाढल्या. ज्या प्रश्नापाशी आपली मुले अडखळतात, त्याचे निम्मे उत्तर आजोबांच्या भट्टीशेजारी पडलेले आहे. ते उचलून हाती द्यावे, एवढाच या भाषणाचा हेतू.

आत्ताच खजिनदारांनी मंडळाचा ताळेबंद वाचून दाखविला. त्यात दोन प्रकारचे आकडे होते. एक आकडा शिल्लकेचा, म्हणजे ३१ मार्च रोजी खात्यात किती रक्कम आहे त्याचा. ही रक्कम वर्गणीतून आली की देणगीतून, एका हप्त्याने आली की शंभर पावत्यांनी, हे नुसती शिल्लक पाहून कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. शिल्लक ही त्या दिवसाच्या खात्याची स्थिती आहे. दुसरे आकडे जमेचे आणि खर्चाचे. ते त्या दिवसाचे नव्हेत, वर्षभराच्या व्यवहाराचे. दोन वर्षांत शिल्लक सारखीच वाढली, तरी एका वर्षी उलाढाल हजारांची आणि दुसऱ्या वर्षी लाखांची असू शकते. शिल्लक स्थितीवर अवलंबून, व्यवहार वाटेवर अवलंबून, हा भेद मनात पक्का ठेवावा. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

पदार्थाच्या बाबतीतही असेच आहे. एका भांड्यात काही वायू आहे. त्याचे तपमान, त्याचा दाब, त्याचे घनफळ या गोष्टी त्याच्या आजच्या स्थितीवरून ठरतात. तो वायू काल कोठे होता, कसा तापला, कसा दाबला गेला, याची चौकशी करावी लागत नाही. अशा राशींना आपण अवस्थेच्या राशी म्हणू. याउलट उष्णता आणि कार्य या व्यवहाराच्या राशी आहेत. एक शेर पाणी चुलीवर ठेवून कोमट करता येते, आणि चुलीला न लावता नुसते घुसळूनही कोमट करता येते. मँचेस्टरचे जेम्स जूल यांनी १८४० नंतरच्या दशकात पाणी घुसळण्याचे प्रयोग अत्यंत काटेकोरपणे केले. दोन्ही रीतींनी पाणी एकाच स्थितीला पोहोचते. पण पहिल्या रीतीत त्याला उष्णता मिळाली आणि दुसरीत उष्णतेचा कणही न मिळता केवळ कार्य मिळाले. म्हणून 'या पाण्यात उष्णता किती आहे?' हा प्रश्नच अर्थशून्य ठरतो. खात्यात 'जमा' साठलेली नसते, शिल्लक साठलेली असते. त्याचप्रमाणे पदार्थात उष्णता साठलेली नसते, ऊर्जा साठलेली असते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. उष्णता ही व्यवहाराची राशी असताना तिच्यापासून अवस्थेची राशी निर्माण करता येईल काय? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात वाफेच्या एंजिनांनी उभा केला. फ्रान्समधील सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. उष्ण जागेतून उष्णता घेऊन थंड जागेत सोडणारे एंजिन जास्तीत जास्त किती कार्य देऊ शकेल, हा त्यातील विचार. कार्नो १८३२ मध्ये अकाली वारले. त्यांचा विचार पुढे जर्मनीच्या रुडॉल्फ क्लॉझियस यांनी हाती घेतला आणि त्याला नवे रूप दिले.

साध्या आकड्यांनी पाहू. एक उत्कृष्ट एंजिन आहे. ते ५०० केल्व्हिन तपमानाच्या भट्टीतून १,००० जूल उष्णता घेते आणि ३०० केल्व्हिन तपमानाच्या पाण्यात ६०० जूल उष्णता सोडते. मधले ४०० जूल कार्यरूपाने हाती येतात. एक फेरा पुरा झाला की एंजिन मूळ स्थितीला परत येते. आता उष्णतेची बेरीज करा. आत आले १,०००, बाहेर गेले ६००. बेरीज शून्य होत नाही. एंजिन होते तेथेच आले, पण उष्णतेचा हिशेब मिटला नाही. म्हणजे उष्णता ही अवस्थेची राशी नव्हे, हे पुन्हा सिद्ध झाले. परंतु प्रत्येक उष्णतेला ती ज्या तपमानास दिली वा घेतली गेली त्या तपमानाने भागा. हजाराला पाचशेने भागले, दोन आले. सहाशेला तीनशेने भागले, दोनच आले. दोन आत, दोन बाहेर. हिशेब बरोबर शून्य!

हा योगायोग नव्हे. क्लॉझियस यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले की, कोणत्याही उत्कृष्ट चक्रात, मग त्याच्या पायऱ्या कितीही आणि कशाही असोत, उष्णता भागिले तपमान यांची बेरीज नेहमी शून्यच येते. यातून जे निष्पन्न होते ते मुलांनी स्वतः पडताळून पाहावे. एका अवस्थेतून दुसरीत एका वाटेने जा आणि दुसऱ्या वाटेने परत या. संपूर्ण फेऱ्याची बेरीज शून्य आहे. तेव्हा जाण्याची बेरीज जेवढी, तेवढीच परतण्याची उलट चिन्हाने असली पाहिजे. याचाच अर्थ असा की, दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते. जे उत्तर वाटेवर अवलंबून नाही ते दोन टोकांच्या अवस्थांचे झाले. व्यवहारातून शिल्लक निघाली! या शिल्लकेला क्लॉझियस यांनी १८६५ मध्ये झुरिक येथे असताना एन्ट्रॉपी असे नाव दिले. रूपांतर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आणि 'एनर्जी' या शब्दाशी ते मुद्दामच जुळते ठेवले.

येथे 'उत्कृष्ट' हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. शास्त्रात त्यासाठी व्युत्क्रमी असा शब्द आहे. जी क्रिया कोणत्याही क्षणी किंचितशा बदलाने उलट फिरविता येते, आणि उलट फिरविल्यावर जिची खूण जगात कोठेही शिल्लक राहत नाही, ती व्युत्क्रमी. अशी क्रिया प्रत्यक्षात कधीच पूर्णपणे घडत नाही. तिच्या जवळ मात्र जाता येते. प्रत्यक्षातले एंजिन कसे वागते? ते भट्टीतून तेच १,००० जूल घेईल, पण घर्षणामुळे आणि गळतीमुळे समजा ७०० जूल पाण्यात सोडील व कार्य ३०० जूलच देईल. आता सातशेला तीनशेने भागले तर सुमारे २.३३ येतात. आत आले दोन, बाहेर गेले २.३३. एंजिन स्वतः मूळ स्थितीला आले असल्यामुळे त्याच्या एन्ट्रॉपीत फरक शून्यच आहे. परंतु भट्टी आणि पाणी यांची मिळून एन्ट्रॉपी ०.३३ ने वाढली. या वाढीला ३०० केल्व्हिनने गुणा. १०० जूल येतात. नेमके तेवढेच कार्य आपण गमावले. जगाच्या एन्ट्रॉपीत पडलेली वाढ ही गमावलेल्या कार्याची पावती होय.

तेव्हा सूत्र पूर्ण करून पाठ करावे. उष्णता भागिले तपमान, पण ती उष्णता व्युत्क्रमी वाटेवरची. मग मुले विचारतात, आणि योग्यच विचारतात, की प्रत्यक्षातील क्रिया जर कधी व्युत्क्रमी नसते, तर या सूत्राचा उपयोग काय? उत्तर वरच्या विवेचनातच आहे. एन्ट्रॉपी ही शिल्लक आहे. प्रत्यक्ष क्रिया कोणत्याही आडवाटेने गेली असो, तिची पहिली अवस्था आणि शेवटची अवस्था पाहावी. त्या दोन अवस्थांमध्ये आपण आपल्या सोयीची एक व्युत्क्रमी वाट कल्पावी. तिच्यावर बेरीज करावी. उत्तर प्रत्यक्ष वाटेलाही लागू पडते, कारण टोके तीच आहेत. कळसूबाईच्या शिखराची उंची १,६४६ मीटर आहे. तुम्ही रुळलेल्या पायवाटेने चढा की कडेकपारीतून, चढलेली उंची तीच. घाम मात्र वेगळा.

आता आपल्या भट्टीपाशी येऊ. हंडा किंवा तपेले घडविताना हातोड्याच्या ठोक्यांनी तांबे कठीण होत जाते. आणखी ठोकले तर ते चिरते. म्हणून कारागीर ते भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवितो आणि मग थंड करतो. तांबे पुन्हा नरम होते. थंड करण्याच्या दोन रीती आहेत. कोणी तापलेला पत्रा सरळ पाण्यात बुडवितो, कोणी तो बाजूला ठेवून आपोआप निवू देतो. आपल्या वडीलधाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते की, दोन्ही रीतींनी तांबे सारखेच नरम होते. पाण्यात बुडविण्याने वेळ वाचतो आणि वरची काजळी व पापुद्रा सुटतो, एवढाच लाभ. कसबा पेठेतील तांबट आळीच्या कारागिराने हे वाक्य एन्ट्रॉपीच्या भाषेत उच्चारले नसेल. परंतु वाट वेगळी असली तरी अवस्था एकच, हे ज्ञान त्याच्या हातात होते.

याचा हिशेब मांडू. एक किलो तांबे आहे, तपमान ९०० केल्व्हिन, म्हणजे सुमारे ६२७ अंश सेल्सियस. ते ३०० केल्व्हिनपर्यंत, म्हणजे २७ अंशांपर्यंत निववावयाचे आहे. टाक्यात पाणी इतके आहे की त्याचे तपमान २७ अंशांवरून ढळत नाही. एक किलो तांब्याचे तपमान एक अंशाने उतरताना सुमारे ४०० जूल उष्णता बाहेर पडते. तर ६०० अंश उतरताना २,४०,००० जूल बाहेर पडेल.

तांब्याच्या एन्ट्रॉपीत फरक किती? येथेच घाई होते. विद्यार्थी २,४०,००० या आकड्याला एकदम ३०० ने भागतो. पण तांबे काही ३०० केल्व्हिनला उष्णता देत नव्हते. ते आरंभी ९०० ला होते, मग ८९९ ला, मग ८९८ ला. म्हणून अशी कल्पना करावी की, जवळजवळ ९०० केल्व्हिनपासून ३०० पर्यंत एकाहून एक किंचित थंड अशा असंख्य पायऱ्या मांडल्या आहेत आणि तांबे त्यांवरून हळूहळू उतरत आहे. प्रत्येक पायरीवर थोडी उष्णता, त्या पायरीच्या तपमानाने भागलेली. ही बेरीज ४०० गुणिले ३ या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम एवढी होते, कारण ९०० हे ३०० च्या तिप्पट. उत्तर येते सुमारे ४३९ जूल प्रति केल्व्हिन, आणि तांब्याची एन्ट्रॉपी तेवढ्याने कमी झाली.

हे उत्तर पाण्यात बुडविलेल्या तांब्यालाही खरे आणि हवेत निवलेल्या तांब्यालाही खरे, कारण दोन्हींची टोके एक आहेत. परंतु भोवतालचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. टाक्यातील पाण्याला २,४०,००० जूल ३०० केल्व्हिनला मिळाले. त्याची एन्ट्रॉपी ८०० ने वाढली. तांब्याचे ४३९ वजा जाता जगाच्या एन्ट्रॉपीत सुमारे ३६१ जूल प्रति केल्व्हिनची निव्वळ भर पडली.

आता एक प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. तांबे पाण्यात न बुडविता २७ अंशांच्या हवेत सावकाश निवू दिले, तर जगाची भर कमी होईल काय? पुष्कळजण होय म्हणतील, कारण 'सावकाश म्हणजे व्युत्क्रमी' असे त्यांनी ऐकलेले असते. परंतु हवाही ३०० केल्व्हिनलाच आहे, तिलाही तेच २,४०,००० जूल मिळाले, तिचीही एन्ट्रॉपी ८०० नेच वाढली. भर तीच, ३६१! दोष वेगाचा नव्हता. दोष तपमानातील दरीचा होता. ९०० केल्व्हिनची उष्णता एकदम ३०० मध्ये उडी टाकते, मग ती उडी क्षणात पडो की तासाभरात. जर मधल्या प्रत्येक पायरीवर एक उत्कृष्ट एंजिन बसविता आले असते, तर भोवतालची एन्ट्रॉपी केवळ ४३९ ने वाढली असती, जगाची भर शून्य झाली असती, आणि सुमारे १,०८,००० जूल कार्य हाती आले असते. पन्नास किलो वजनाच्या माणसाला सुमारे २२० मीटर उंच चढविण्यास एवढे कार्य पुरते. एक किलो तांबे टाक्यात बुडताना जो चर्रकन आवाज होतो, त्याबरोबर एवढे सामर्थ्य कायमचे हातचे जाते. ऊर्जा नष्ट होत नाही. ती पाण्यात आहेच. परंतु तिच्याकडून ते काम आता करून घेता येत नाही. इंधन वाचवू इच्छिणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला हा हिशेब आज ना उद्या शिकावाच लागतो.

याच ठिकाणी एक इशारा देणे अवश्य आहे. लोहार विळ्याला किंवा कोयत्याला पाणी देतो तेव्हा काय होते? तापलेले पोलाद पाण्यात बुडविले तर ते कठीण व ठिसूळ होते, आणि सावकाश निवू दिले तर मऊ राहते. तपमान तेच, दाब तोच, तरीही दोन तुकडे वेगळे. मग अवस्थेचा नियम मोडला काय? मुळीच नाही. एकदम निवताना पोलादातील कार्बनच्या अणूंना हलण्यास अवधी मिळत नाही व ते अडकून पडतात. धातूची आतील घडणच वेगळी होते. म्हणजे शेवटची अवस्थाच वेगळी झाली. तपमान आणि दाब एवढे सांगून अवस्था सांगितली, असे आपण समजलो, हे अपुरे होते. ठोकून कठीण झालेले तांबे आणि तापवून नरम केलेले तांबे यांचेही असेच. म्हणून उदाहरण सोडविण्यापूर्वी पहिला प्रश्न असा विचारावा की, आरंभीची अवस्था कोणती आणि अखेरची कोणती? ज्याला टोके नीट सांगता आली, त्याचे निम्मे उदाहरण सुटले.

परीक्षेत हमखास फसविणारा प्रश्न आता सोपा वाटेल. एका भांड्यात एक मोल आदर्श वायू आहे, शेजारी तेवढेच रिकामे भांडे आहे. मधली तोटी उघडली आणि वायू दोन्हींत पसरला. बाहेरून उष्णता मिळाली नाही, तपमानही बदलले नाही. जूल यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवेवरील प्रयोगातही त्यांना भोवतालच्या पाण्याच्या तपमानात फरक आढळला नाही. विद्यार्थी लिहितो, उष्णता शून्य, म्हणून एन्ट्रॉपीतील फरक शून्य. हे उत्तर चूक आहे, कारण शून्य उष्णता ही प्रत्यक्ष वाटेवरची आहे आणि ती वाट व्युत्क्रमी नव्हती. टोके पाहा. तपमान तेच, घनफळ दुप्पट. याच टोकांना जोडणारी व्युत्क्रमी वाट म्हणजे दट्ट्या हळूहळू मागे सरकवीत वायूला एकाच तपमानावर फुलू देणे. ३०० केल्व्हिनला या वाटेवर वायूस सुमारे १,७२९ जूल उष्णता द्यावी लागते. ३०० ने भागता ५.७६ जूल प्रति केल्व्हिन. वायूच्या एन्ट्रॉपीतील हा फरक दोन्ही वाटांना सारखा आहे. वेगळा आहे तो भोवतालचा. दट्ट्याच्या वाटेत भोवतालची एन्ट्रॉपी ५.७६ ने घटली आणि जगाची बेरीज शून्य झाली. तोटीच्या वाटेत भोवतालला काहीच झाले नाही आणि जगात ५.७६ ची भर पडली.

सर्व गोष्टीचे सार येथे आले. वस्तूचा स्वतःचा फरक वाटेवर अवलंबून नाही. जगाची भर मात्र वाटेवर अवलंबून आहे. हे दोन प्रश्न ज्याने वेगळे ठेवले त्याला एन्ट्रॉपी कळली. ज्याने ते एकत्र केले त्याने सूत्रे कितीही पाठ केली तरी तो गोंधळणारच.

रसायनशास्त्राला या गोष्टीचे एवढे अगत्य का, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक रासायनिक क्रियेची एन्ट्रॉपी नव्याने मोजत बसणे शक्य नाही. परंतु ती अवस्थेची राशी असल्यामुळे प्रत्येक पदार्थाचा आकडा एकदा मोजून कोष्टकात लिहून ठेवता येतो आणि नंतर नुसत्या वजाबाकीने काम भागते. जर्मनीचे वाल्थर नेर्न्स्ट यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून पुढे असे ठरले की, केवल शून्य तपमानाला निर्दोष स्फटिकाची एन्ट्रॉपी शून्य धरावी. म्हणून या कोष्टकांना पक्का पाया मिळाला. २५ अंश सेल्सियसला, प्रमाण दाबाखाली, एक मोल हायड्रोजनची एन्ट्रॉपी १३०.७, ऑक्सिजनची २०५.१ आणि द्रवरूप पाण्याची ६९.९ जूल प्रति केल्व्हिन आहे. एक मोल हायड्रोजन आणि अर्धा मोल ऑक्सिजन यांचे पाणी झाले तर एन्ट्रॉपी सुमारे १६३ ने कमी होते.

हा आकडा क्रियेच्या रीतीने बदलत नाही. हायड्रोजन ज्योतीने जाळला तर २,८५,८०० जूल उष्णता भोवताली जाते, भोवतालची एन्ट्रॉपी सुमारे ९५९ ने वाढते आणि जगात निव्वळ ७९६ ची भर पडते. तोच हायड्रोजन आदर्श इंधन-घटात वापरला, तर सुमारे २,३७,१०० जूल विजेच्या रूपाने मिळतात आणि केवळ ४८,७०० जूल उष्णता बाहेर जाते. तिला २९८ ने भागा, १६३ येतात, आणि जगाची भर शून्य होते. तेच पदार्थ, तेच पाणी. पण एका वाटेने नुसती ऊब, दुसऱ्या वाटेने वीज. विजेच्या मोटारींच्या आणि हायड्रोजन-इंधनाच्या आजच्या काळात आपल्यापैकी एखादी मुलगी याच हिशेबावर आपली उपजीविका उभी करील, ही काही दूरची गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असे पुस्तकात एका ओळीत दिलेले असते. मग एवढा खटाटोप कशाला? त्या ओळीमागे एक मोठा विचार आहे. ऑस्ट्रियाचे लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७७ मध्ये दाखविले की, बाहेरून एकच दिसणारी अवस्था आतून अणूंच्या किती निरनिराळ्या मांडण्यांनी साकार होऊ शकते, त्या संख्येशी एन्ट्रॉपीचे नाते आहे. व्हिएन्नातील त्यांच्या समाधीवर हे सूत्र कोरलेले आहे. मांडण्यांची ही संख्याही अवस्थेवरूनच ठरते, हे ध्यानात घ्यावे. परंतु अव्यवस्था या शब्दाने मुलांना घरातील पसारा आठवतो, आणि पसारा जूल प्रति केल्व्हिनमध्ये मोजता येत नाही. शब्द आठवणीसाठी ठेवावा; हिशेब मात्र अवस्थेचाच करावा.

वडीलधाऱ्या मंडळींना आमची एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी विज्ञानाचे पुस्तक घेऊन बसली की, 'हे आपल्याला काय कळणार' असे म्हणून उठून जाऊ नये. तांबे पाण्यात बुडविले काय आणि निवू दिले काय, सारखेच नरम होते, हे आपण त्यांना सांगावे. भट्टीपाशी नेऊन दाखवावे. पोलादाचे तसे का होत नाही, हे त्यांनी आपणांस पुस्तकातून समजावून द्यावे. कारागिराचे हात आणि विद्यार्थ्याची वही यांत अंतर आहे असे मानण्याची सवय आपणा सर्वांना लागली आहे. ते अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे की, सूत्र पाठ करण्यास हरकत नाही, पण सूत्राची अट सोडून पाठ करू नका. उदाहरण हाती आले की आधी टोके लिहा, मग सोयीची व्युत्क्रमी वाट निवडा, मग भोवतालचा हिशेब वेगळ्या रकान्यात मांडा. ज्या घरांत जमाखर्चाच्या वह्या पिढ्यान् पिढ्या चोख ठेवल्या गेल्या, त्या घरांतील मुलांना हे कठीण जाऊ नये.